घोळींना बोलावणं

माझ्या डोक्यावर ती टोपी चढवली तेव्हा चौथीचा वर्ग गप्प झाला. तळवेळच्या या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं. एवढी शांतता मला हातात छडी असतानाही कधी मिळाली नव्हती.

"आजी, दुखतंय का?" पहिल्या बाकावरून साजिरीने विचारलं. साजिरी माझ्या भावाची नात. वय दहा, प्रश्न दहा हजार.

"नाही गो. गुदगुल्या होतायत."

"मेंदूला गुदगुल्या होतात?"

"ते इरावतीबाईंना विचार."

इरावतीबाई म्हणजे डॉक्टर इरावती मणेरीकर. समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करणारी, पस्तिशीतली, पायात कायम ओल्या चपला असलेली बाई. सन २०४७ च्या जूनमध्ये ती आमच्या गावात आली ती दोन यंत्रं घेऊन. एक ही टोपी. आतून धातूच्या बारीक टिकल्या लावलेली, राखाडी रंगाची. मुलांनी तिचं नाव लगेच ठेवलं, कानटोपी. दुसरं यंत्र तांब्याच्या रंगाचं, पोट फुगलेलं, समुद्राच्या तळाशी ठेवायचं. ती घागर.

या दोन यंत्रांचं काम समजायला आधी एक गोष्ट समजली पाहिजे. ती मला स्वतःला सत्तरी ओलांडल्यावर समजली. पाण्याखाली शांतता असते असं आमच्या जुन्या पुस्तकात होतं आणि मी ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतलं. ते खोटं आहे. जिवंत खडप, म्हणजे समुद्रातला खडकाळ भाग, बाजारासारखा गजबजलेला असतो. बोटाएवढी एक कोळंबी आपला मोठा नांगा मिटून टिचकी वाजवते. अशा लाखो टिचक्या मिळून तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. काही मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोल वाजवतात. माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की उघड्या समुद्रात वाहत जातात, आणि तांदळाच्या दाण्याएवढा तो जीव घर शोधतो ते या आवाजावरून. जिथे गजबज, तिथे अन्न, तिथे आसरा. खडप मेलं की त्याचा आवाज मरतो, आणि आवाज मेला की नवी पिल्लं तिकडे वळतच नाहीत.

आमच्या खाडीच्या मुखाशी जोगणीचं खडप आहे. तापलेल्या पाण्याची चार वर्षं, वरून येणारा गाळ आणि पिल्लंही न सोडणारी आमची स्वतःची बारीक आसाची जाळी, या सगळ्यांनी मिळून ते मुकं केलं. इरावतीबाईने पाण्यात माईक सोडून आम्हाला ते ऐकवलं होतं. लग्नघर आवरल्यावर येतो तसा रिकामा आवाज.

घागरीचं काम जिवंत खडपाचा आवाज तिथे पुन्हा वाजवण्याचं. पण दुसऱ्या देशातल्या खडपाचा आवाज इथल्या माशांना परका. हवा जोगणीच्या खडपाचाच, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. तो कोणी टिपून ठेवलेला नव्हता.

"कोणाच्या तरी डोक्यात असेलच," इरावतीबाई म्हणाली होती, आणि गावात सगळ्यात जास्त आठवणी सांगत सुटणारी म्हातारी म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

कानटोपीचं तंत्र असं. यंत्र एकामागून एक आवाज ऐकवत जातं. ओळखीचा आवाज जवळ आला की "हाच तो" असं तोंडाने म्हणण्याआधीच आपल्या मेंदूत एक लहर उठते. टोपी ती टिपते. मग यंत्र आवाज किंचित बदलतं, पुन्हा ऐकवतं, लहर वाढली की कमी झाली बघतं. हजारदा, दहा हजारदा. आंधळ्या कोशिंबिरीत मुलं "गरम, गरम, थंड" ओरडतात ना, तसं. शेवटी यंत्राजवळचा आवाज आणि आपल्या डोक्यातला आवाज एक होतो.

मी डोळे मिटून बसले. लाह्यांचा आवाज लवकर जमला. लहानपणी ओहोटीला खडपातल्या डबक्यांत डोकं बुडवून आम्ही मुली तो ऐकत असू. मग खालून ढोल येऊ लागले. आधी पत्र्याचे, मग मातीचे, मग एकदम...

माझ्या तोंडून "बाबा" असं निघून गेलं म्हणे.

सकाळची होडी येताना मी दिसले मला. आठ वर्षांची, परकर खोचलेला, डोक्यावर टोपली. होडी वाळूला लागायची आणि आतून घोळ माशांचा तो आवाज यायचा, घुम् घुम् घुम् घुम्, दाट, न थांबणारा, छातीत शिरणारा. बाबा वरून हसत ओरडायचे, जयू, धाव. माझ्या सगळ्या बालपणात त्याहून आनंदाचा आवाज नाही.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावरचा जुळणीचा आकडा शंभरात शहाण्णव होता आणि मुलं बाकांवर नाचत होती.

आता भाऊ. आमच्याकडे समुद्र सरकारचा असेल, पण जोगणीच्या खडपाभोवती जाळं कोणी केव्हा टाकायचं हे ठरवतात मच्छीमार मंडळी, आणि मंडळी ऐकतात भिकाजी तांडेलचं. भिकोदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, चौऱ्याऐंशीचा. ओसरीवर बसून तो फाटकं जाळं सांधत होता. माझं सगळं बोलणं त्याने मान वर न करता ऐकलं.

"समुद्रात भोंगो लावन मासे येवक ते काय जत्रेक येतत?" तो म्हणाला.

"पिल्लां येतत दादा, आवाजार. बाईन दाखवलान माका."

"आणि तवसर आमी काय करूचा? किनाऱ्यार बसान वाळू मोजूची?"

"एक खडप सोड. नारळी पौर्णिमेपासून दसऱ्यापर्यंत. बाकीचो समुद्र तुमचोच आसा."

"आणि घागर फुकट गेली मगे?"

"मगे घाला जाळी. घागर दुसऱ्या गावाक जातली. मी परत शब्द काढूचंय नाय."

त्याने सुईतला दोरा दातांनी तोडला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही.

"माझो आवाज, म्हणतंस तू," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या डोक्यातलो."

"माझ्याच."

"बरां. तुझ्या शब्दार मंडळीक सांगतंय. तू मास्तरीण. तुझां चुकाचा नाय."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या शनिवारी घागर तळाला बसली, आणि मुलांचा 'समुद्राचा तास' खऱ्या समुद्रावर भरू लागला. या तासाची रीत अशी की जूनमध्ये प्रत्येक मुलाने एक जीव निवडायचा. वर्षभर तो जीव त्याचा. त्याचं चित्र, त्याचं खाणं, त्याचं घर, त्याचे शत्रू, सगळं त्या मुलाने सांगायचं आणि कोणी त्याच्याविषयी वाकडं बोललं तर भांडायचंही त्यानेच. विहंग नावाच्या मुलाच्या वाट्याला समुद्रकाकडी आली, कारण तो त्या दिवशी उशिरा आला. आठवडाभर तो रडला. मग त्याने वाचलं की समुद्रकाकडी तळाची वाळू गिळते, त्यातली घाण पचवते आणि स्वच्छ वाळू मागे सोडते. ऑगस्टपर्यंत त्याने वर्गाला पटवलं होतं की ही बाई झाडू मारते म्हणून समुद्र आहे, नाहीतर केव्हाच उकिरडा झाला असता.

साजिरीने घोळ निवडली होती. वर्गात कोणी घोळ पाहिलेली नव्हती. "तुझ्याएवढी लांब," मी तिला सांगितलं, "आणि अंगावर सोन्याची झाक."

तळाला काच लावलेल्या बादल्या घेऊन मुलं खडपाच्या काठच्या उथळ पाण्यात उभी राहत, बादली पाण्यावर टेकवत आणि काचेतून मासे मोजत. सकाळी दहाला एकदा, दुपारी चारला एकदा. आकडा शाळेच्या भिंतीवर. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस. दुसऱ्या आठवड्यात त्रेपन्न, आणि विहंगने दोन समुद्रकाकड्या वेगळ्या लिहिल्या. घागर तेव्हा फक्त लाह्या वाजवत होती. तिसऱ्या आठवड्यापासून इरावतीबाईने संध्याकाळी ढोल सुरू केले. मोठ्या माशांसाठी, माझ्या डोक्यातले.

त्या आठवड्यात तीस. पुढच्यात सतरा. भाद्रपद संपत आला तेव्हा नऊ.

इरावतीबाईने घागर वर काढून तपासली, तारा तपासल्या, पाण्याचं तापमान तपासलं. यंत्रात दोष नव्हता. मच्छीमार मंडळींतले तरुण मला बघून मुद्दाम मोठ्याने विचारू लागले, "आजी, दसरो खंय इलो?" मी हसून पुढे जात असे. घरी आल्यावर मात्र भिंतीवरचे आकडे पुन्हा पुन्हा वहीत मांडत बसे. गावात माझ्याजवळ शब्दाखेरीज काही नाही. जमीन नाही, होडी नाही. छत्तीस वर्षांत मुलांना जे सांगितलं ते खरं निघालं, एवढीच माझी इस्टेट.

एका बुधवारी साजिरी धावत घरी आली. केस ओले, हातात बादली.

"आजी, मी चारनंतर थांबले आज. साडेपाचपर्यंत."

"घरी सांगून?"

"नंतर सांगीन. ऐक ना. लाह्या वाजतात तोपर्यंत मासे असतात. खातात, फिरतात. ढोल वाजला की पळतात. सगळे. एक बारका गोबरा मासा तर दगडाखाली घुसला तो बाहेरच येईना. मी तीनदा बघितलं. ढोल थांबला की दहा मिनिटांनी परत येतात, पण दर वेळी थोडे कमी."

"योगायोग असेल."

"तूच सांगतेस ना, तीनदा झालं की योगायोग नाही म्हणायचं." तिने बादली खाली ठेवली आणि माझ्यासमोर मांडी घातली. "आजी, तो आवाज तू कुठे ऐकलास? होडीत बसून?"

"होडीत कुठली? मुलींना होडीत घेत नसत तेव्हा. बाईचा पाय लागला तर मासळी रुसते म्हणायचे."

"मग कुठे?"

"वाळूवर. होडी आली की."

"म्हणजे घोळी होडीत होत्या."

"हो. होडीत, टोपल्यांत. घरी येईपर्यंत वाजत असायच्या."

साजिरी अगदी हळू म्हणाली, जसं कोणाला लागू नये म्हणून बोलतात तसं.

"आजी, त्या ओरडत होत्या का गो?"

मी तिला सांगितलं की खूप उशीर झाला, आई वाट बघत असेल. आणि हेही सांगितलं की हे इतक्यात कोणाला बोलू नकोस.

तो गुरुवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाबांचं हसणं, वाळूवर लागणारी होडी, परकर खोचलेली मी, हे सगळं मी एकाहत्तर वर्षं उराशी धरलं होतं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली वाजणारं संगीत म्हणजे पाण्याबाहेर काढलेल्या जिवांचा आकांत होता, आणि तो मी महिनाभर रोज संध्याकाळी समुद्राला ऐकवत होते. मनात आलं, गप्प बसावं. म्हणावं, यंत्रात काही बिघडलं असेल. कोण विचारणार? दसऱ्याला बारा दिवस होते.

पण एक दहा वर्षांची मुलगी माझ्या सांगण्यावरून तोंड मिटून बसली होती. शिक्षिकेला याहून वाईट काही करता येत नाही.

शुक्रवारी मी शाळेत गेले आणि भर वर्गात, इरावतीबाईसमोर, सगळं सांगितलं. शोध साजिरीचा आहे हेही सांगितलं. इरावतीबाईने कपाळावर हात मारून घेतला. "मी विचारायला हवं होतं. आवाज बरोबर आहे का एवढंच मी बघत राहिले. कोणत्या वेळचा आहे ते विचारलंच नाही."

विहंग उभा राहिला.

"म्हणजे आपण माशांना घरी बोलावत होतो, आणि आवाज लावला होता मार खाण्याचा?"

"तसंच म्हण."

"माझ्या आईचा ओरडण्याचा आवाज भोंग्यावर लावला तर मीपण घरी जाणार नाही."

वर्ग फुटला. इरावतीबाई हसली, मीही हसले, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला. साजिरी एकटी हसत नव्हती. ती विचार करत होती.

"मग पाण्यात असताना घोळ कशी बोलते, हे कोणी ऐकलंय?"

ते मला माहीत होतं. गावात एकच माणूस उरला होता.

भिकोदादाने माझं ऐकून घेतलं आणि जाळं बाजूला ठेवलं.

"माका म्हायत होतां," तो म्हणाला.

"म्हायत होतां? आणि गप ऱ्हवलंस?"

"तू मास्तरीण. तुका कोण शिकवतलो?"

"दादा, टोमणे मागसून मार. तू ऐकलंस ना? पाण्यातलो आवाज?"

तो ओसरीच्या आढ्याला लावलेल्या जुन्या वल्ह्याकडे बघत राहिला. बाबांच्या वेळी यंत्रं नव्हती. होडी उभी करायची, वल्हं पाण्यात सरळ सोडायचं आणि त्याच्या मुठीवर जबड्याचं हाड टेकवायचं. पाण्यातला आवाज लाकडातून चढतो आणि हाडातून डोक्यात शिरतो. खाली घोळींचा थवा कुठे आहे, केवढा आहे, हे बाबा असं ओळखत, आणि त्यांच्यानंतर दादा.

"ऐकलंय," तो म्हणाला. "पस्तीस वर्सां झाली. जोगणीच्या खडपाजवळ, ढोल लागलेले. एवढे की वल्हां हातात थरथरत होतां. मी हात वर केलंय. आमी चार होड्येंनी जाळां फिरवलां. एकव रवली नाय." तो थांबला. "दुसऱ्या दिसा परत गेलंय. वल्हां टाकलंय. काय नाय. तेच्या फुडल्या वर्सा काय नाय. तुझी ती बाई टोपी घेवन माझ्याकडे पयली इल्ली. मी म्हटलंय, माझ्या डोक्यातलां माझ्या डोक्यात ऱ्हवांदे."

साठ वर्षं मी याला कठीण मनाचा समजत होते.

"दादा," मी म्हटलं, "मी माझां चुकलां तां पोरांसमोर बोललंय. मेलंय नाय."

तो हसला. वरचे दोनच दात दिसले.

"शाळेच्या बाकड्यार बसान माका काय आठवचा नाय," तो म्हणाला. "पाण्यार जावक व्हया. वल्हां हातात व्हया. आणि तू येवक व्हयी."

"मी? होडयेत?"

"मासळी रुसतली म्हणतंस? ती रुसान बसलीच आसा."

अशी मी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा होडीत चढले. चढले म्हणजे, इरावतीबाईने पुढून ओढलं आणि साजिरीने मागून ढकललं. वाळूवर चौथीचा अख्खा वर्ग उभा राहून मोजत होता, एक दोन तीन, आणि आपटले तेव्हा टाळ्या पडल्या. दादाने डोक्यावरची पांढरी टोपी काढायला नकार दिला, म्हणून कानटोपी तिच्या खालून चढवावी लागली. तसा तो वल्हं घेऊन बसला तेव्हा साजिरी म्हणाली, "आजोबा, तुम्ही अंतराळवीर दिसताय."

"गप. ऐकूक दी."

त्याने वल्हं पाण्यात सोडलं आणि जबडा टेकवला. इरावतीबाईला एक शंका होती, एवढ्या वयात ऐकू काय येणार. पण म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज जातात. खालचे, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. दादाला नातीची हाक ऐकू येत नसे, ढोल येत असे.

यंत्राने आवाज देणं सुरू केलं. बराच वेळ आकडा चाळिशीच्या पुढे सरकेना. मग दादा डोळे न उघडता बोलू लागला. "एकदम नाय. सगळी एकदम बोलनत नाय. एक बोलता. मगे थांबता." त्याने बोटांनी फळीवर वाजवून दाखवलं. डुम, डुम्‌डुम्. मग नुसता हात वर धरून ठेवला. इतका वेळ की मला वाटलं विसरला. मग लांबून आल्यासारखं, हळू, डुम. "मगे दुसरी जाब देता. मगे तिसरी. वाट बघतत एकमेकांची."

मला तेव्हा फरक कळला. माझ्या आठवणीतल्या आवाजात कोणी कोणासाठी थांबत नव्हतं.

आकडा साठ झाला, ऐंशी, ब्याण्णव. दादाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. सत्त्याण्णवला इरावतीबाईने यंत्र थांबवलं. साजिरीने आजोबांच्या तोंडावर आपल्या ओढणीचं टोक फिरवलं, वर्गात फळा पुसतात तसं.

दसऱ्याला सहा दिवस होते. नवे ढोल सुरू झाले त्या संध्याकाळी साजिरी आणि विहंग दोघेही साडेपाचपर्यंत बादलीवर वाकून राहिले, या वेळी घरी सांगून. मासे पळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी बावीस. चौथ्या दिवशी एकोणपन्नास, आणि त्यात डोळ्यांना नीट दिसतही नाहीत अशी काचेसारखी पारदर्शक पिल्लं, ती मोजायची की नाही यावर वर्गात भांडण झालं. शेवटी ती "अंदाजे पुष्कळ" अशी लिहिली.

घोळ मात्र नाही.

दसऱ्याच्या दिवशी होड्यांना झेंडूचे हार घालून झाले आणि उन्हं कलल्यावर मंडळींचे लोक खडपाजवळ आले. दोन होड्या आमच्या, चार त्यांच्या. काठच्या खडकांवर मुलं. ठरल्याप्रमाणे इरावतीबाईने घागर बंद केली, कारण मोजणी खऱ्या आवाजाचीच व्हायची होती. पाण्यातला माईक तिने एका लहान भोंग्याला जोडला. लाह्या ऐकू आल्या, जूनपेक्षा कितीतरी दाट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मंडळींतला सुहास, पुढच्या होडीवरचा, मान हलवत म्हणाला, "कोळंबी बरी आसा. पण कोळंबीक टिचकी वाजवता म्हणान सोडून देवची काय?"

पाच मिनिटं गेली. दहा. मी होडीच्या फळीला घट्ट धरून बसले होते. माझा शब्द संपायला आलेला मला दिसत होता, पाण्यावरचं ऊन सरकत होतं तसा.

दादाने वल्हं पाण्यात सोडलेलं होतं. भोंग्यावर काही येण्याआधी त्याचा चेहरा बदलला.

डुम, डुम्‌डुम्.

इरावतीबाईने घाईने घागरीची कळ तपासली. बंद होती. सहा होड्यांवर कोणी हललं नाही. इतका वेळ काहीच नव्हतं की सुहासने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात खडपाच्या पलीकडच्या अंगाने, हळू, डुम.

दादाने दोन बोटं वर केली.

"दोनच?" सुहास म्हणाला. पण आवाज उतरला होता त्याचा. तोही घोळ काय असते ते फक्त ऐकून होता. मग दुसऱ्या होडीवरून कोणीतरी, अर्धं गमतीत, "जाळां आसा हां होडयेत," असं म्हणालं.

दादाने जबडा वल्ह्यावरून उचलला. "मागच्या खेपेक मी ऐकलंय आणि हात वर केलंय," तो म्हणाला. "तुमच्या बापाशींनी जाळां फिरवलां. खाल्लां आमी सगळ्यांनी. आज परत ऐकलंय. दोघां आसत. संसाराक दोघांच लागतत. तेंची पोरां मोठी होयसर हय कोण जाळां टाकीत, तेना आधी माका पाण्यात टाकूचा."

"कितके दीस?" सुहासने विचारलं.

"हेका विचार." दादाने काठावरच्या साजिरीकडे बोट दाखवलं. घोळ तिचा जीव होता.

साजिरी खडकावर उभी राहिली आणि वर्गात उत्तर देतात तशी हात मागे बांधून म्हणाली, "घोळीला आई व्हायला तीन वर्षं लागतात."

सुहासने बाकीच्या होड्यांकडे पाहिलं. कोणी मान हलवली, कोणी पाण्याकडेच बघत राहिलं. मग त्याने स्वतःच्या होडीच्या नाळेवरचा, पुढच्या टोकाचा, झेंडूचा हार काढला आणि काही न बोलता खडपावरच्या पाण्यात सोडला. आमच्याकडे शब्द असाच देतात.

काठावर जो कल्ला उठला त्याने त्या दोन घोळी पळाल्या नाहीत हेच नवल. इरावतीबाई मुलांना हातवारे करून गप्प करत होती आणि स्वतःच ओरडत होती. विहंग प्रत्येकाला सांगत होता की यात समुद्रकाकडीचाही वाटा आहे.

दादाने वल्ह्याची मूठ माझ्याकडे सरकवली.

मी वाकले आणि जबडा टेकवला. आधी लाकडाचा थंडपणा. मग लाह्या, अगदी दाताच्या मुळाशी. मग खालून तो आवाज आला, आणि माझ्या आठवणीतल्या आवाजापेक्षा तो खूपच हळू होता. कुणीतरी दार न वाजवता, आत कोणी आहे का, असं विचारावं तसा. मग थांबला. मी श्वास धरून वाट बघत राहिले, त्या दुसऱ्या घोळीबरोबर.

साजिरी खडकावरून पाण्यात उतरून होडीपाशी आली होती. कंबरभर पाण्यात उभी राहून ती माझा पदर ओढत होती.

"आजी, झालं का? आता माझी पाळी."

"रांगेत उभी राहा," मी म्हटलं, आणि वल्हं सोडलं नाही.